बोगद्याचा किल्लेदार

डोंगरातून रेल्वे न्यायची तर डोंगराला आरपार भोक पाडायचं, दोन्ही तोंडांना विटांची कमान लावायची आणि मोकळं व्हायचं. पण राणीच्या काळातल्या ज्या साहेबांनी हा बोगदा खोदला, त्यांचं एवढ्यावर भागलं नाही. त्या काळी लोक बोगद्याला जाम भ्यायचे. गाडी आत शिरली की डोंगर डोक्यावर बसेल, धुराने जीव गुदमरेल, बाहेर पडेपर्यंत केस पांढरे होतील, असं काय काय बोलायचे. तेव्हा साहेबांनी ठरवलं, तोंडच असं बांधू की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा डोंगर काही बापजन्मात खचायचा नाही. आणि शहराकडच्या तोंडाला त्यांनी चक्क किल्ला बांधला. दोन बाजूंना दोन अष्टकोनी बुरूज, माथ्यावर तटासारख्या दातेरी चर्या, बुरुजांच्या अंगात जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायला ठेवतात तसल्या उभ्या फटी, आणि मधे घोड्याच्या नालाच्या आकाराची भलीथोरली कमान. एवढा जामानिमा कुणाविरुद्ध, तर सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या पॅसेंजरविरुद्ध. डोंगराच्या पलीकडच्या तोंडाला मात्र साधी विटांची कमान, बाकी काही नाही. तिकडून खेड्यातली माणसं यायची, ती घाबरली तर कुणाचं काय जाणार होतं?

या किल्ल्याच्या मधोमध, कमानीच्या बरोबर डोक्यावर, उतरत्या छपराचं दोन खोल्यांचं एक घर होतं. एवढे बुरूज, एवढ्या चर्या आणि मधेच धुराडं असलेलं ते बुटकं घर. एखाद्या रुबाबदार फेट्यावर कुणी कानटोपी चढवावी तसं दिसायचं. खालून गाडी जायची आणि वरच्या चुलीवरचं भांडं थरथरायचं.

या घरात किल्लेदार राहायचा. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो रेल्वेचा गवंडी. बोगद्याच्या भिंतीतला चुना सुटला की विटांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधल्या फटी, भरायच्या, सांध्यांत उगवलेली रोपटी उपटायची, पाझर दिसला की पाण्याला वाट करून द्यायची, हे त्याचं काम. पण किल्ल्यात राहणाऱ्याला गवंडी कोण म्हणणार? स्टेशनवरच्या एका हमालाने थट्टेत 'या किल्लेदार' म्हटलं, आणि याने ती थट्टा दोन्ही हातांनी झेलली. दुसऱ्या दिवसापासून गड्याची चालच बदलली. हातात थापी असली तरी छाती अशी काढायचा, जणू कमरेला तलवार आहे. बायकोला लोक आपोआप किल्लेदारीणबाई म्हणायला लागले. तिला ते बिलकूल आवडायचं नाही, पण तिला आवडतं काय आणि नाही काय, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

किल्ल्याची गंमत अशी की डावा बुरूज पोकळ होता आणि त्यात वर जायचा गोल जिना होता. उजवा बुरूज दगडमातीने गच्च भरलेला, निव्वळ शोभेचा. घराला जायला तो डावीकडचा जिना सोडून दुसरी वाट नव्हती, कारण मागे डोंगराचा सरळसोट कडा. पायऱ्या अरुंद, उंच, मधे झिजलेल्या. उजेड काय तो जंग्यांच्या फटींतून येईल तेवढा. पाण्याचा नळ खाली रुळांपाशी. म्हणजे पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं सगळं पाणी कळशी-कळशीने त्या जिन्याने वर. ते कोण आणायचं हे सांगायला नकोच. किल्लेदाराने कधी पाणी भरलंय का?

किल्लेदाराला एकच खरा शौक होता, गोष्ट सांगायचा. जुनी बांधकामं बघत हिंडणारी माणसं त्या तोंडाचे फोटो काढायला यायची. याला ती लांबूनच दिसायची. हा थापी ठेवून, हात पुसून हजर. बुरूज दाखवायचा, कमान दाखवायचा, आणि मग बोट वर करून म्हणायचा, "ते मधलं घर मात्र साहेबांचं नव्हे हां. ते आमच्या आजोबांनी बांधलं. स्वतःच्या हातांनी."

आता खरं काय ते सांगतो. घर पहिल्यापासूनच होतं. साहेबांनीच बांधलं होतं, बोगद्यातले दिवे सांभाळणाऱ्या माणसासाठी. आजोबा तिथे लागले ते दिवे पुसायला. दिव्यांची काजळी पुसता पुसता एकदा त्यांनी घराला चुना मारला. पुढे किल्लेदाराचे वडील म्हणायला लागले, आमच्या बापाने या घराची डागडुजी केली. तेही एकवेळ चालण्यासारखं होतं. पण किल्लेदाराच्या हाती गोष्ट आली आणि तिने बाळसं धरलं. आधी आजोबांनी छप्पर घातलं, मग भिंती उचलल्या, मग एका थंडीत, साहेब मायदेशी गेलेले असताना, एकट्याने सगळं घरच उभं केलं. साहेब परत येऊन बघतात तर काय, तोंडात बोट! ही शेवटची ओळ सांगताना किल्लेदार स्वतःच तोंडात बोट घालून दाखवायचा. पोरंसोरं हसायची, मोठी माणसं वहीत लिहून घ्यायची. दोनदा तर पेपरात छापूनही आलं.

बायकोला खरं माहीत होतं, कारण खुद्द सासऱ्यांनीच तिला सांगितलं होतं. ती नवी नवी असताना पाण्याची कळशी घेऊन धापा टाकत वर आली, तेव्हा म्हातारा दारात बसला होता. म्हणाला, "पोरी, माझ्या बापाने या घराला नुसता चुना मारला, आणि माझा पोरगा त्या चुन्यावर मजले चढवतोय. तू मनावर घेऊ नकोस." तिने मनावर घेतलं नाही. कुणी पाहुण्याने विचारलंच तर म्हणायची, "आजेसासऱ्यांनी बांधलं असतं तर जिन्याला कठडा तरी केला असता."

तिला पाहिजे होतं ते अगदीच साधं होतं. स्टेशनामागे रेल्वेची क्वार्टर्स होती. जमिनीलगत दोन खोल्या, दारात नळ, भिंतीला भिंत लागून शेजारीण. मीठ संपलं तर भिंतीवर थाप मारायची. बस. तिच्या मुलीचं लग्न झालं आणि ती तिथेच राहायला गेली, जावई तिकीट खिडकीवर. पण नात आजीकडे येऊ शकत नव्हती. पोरीला एकदा वर आणली तर खालून एक्स्प्रेस गेली आणि तिने जे भोकाड पसरलं ते बुरूज उतरेपर्यंत. तेव्हा आजीनेच खाली जायचं, आणि परत त्या जिन्याने वर यायचं. गुडघे आता करकरायला लागले होते. चार पायऱ्या चढायच्या, कळशी टेकवायची, जंगीतून बाहेर बघायचं, परत चार चढायच्या.

"अहो, क्वार्टरचं काय झालं?" ती विचारायची.

"रिकामं असेल तर देतील ना. मी काय खिशात घेऊन फिरतोय?" तो म्हणायचा.

यावर तिला आणखी बोलायचं असायचं. पण त्या घरात गाडी आली की बोलणं थांबवावंच लागायचं. शब्दसुद्धा ऐकू यायचा नाही. गाडी गेली की राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, अशी दोघांना सवय होती. पण भांडणात या सवयीचा सगळा फायदा किल्लेदाराला. तिने अगदी वर्मावर बोट ठेवावं आणि नेमकी मालगाडी यावी. डबे संपेपर्यंत हा जिना उतरून रुळांवर पोचलेला असायचा. मालगाड्यांचं वेळापत्रक त्याला पाठ होतं, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

अशी वर्षं गेली, आणि मग रेल्वेला अचानक आपल्या म्हाताऱ्या बोगद्याचं प्रेम आलं. बोगद्याचं तोंड जुनं, देखणं, व्हिक्टोरियन बांधणीचं, ते पूर्वी होतं तसं करायचं असं वरून ठरलं. पूर्वी होतं तसं म्हणजे, नंतर जे जे चिकटवलं ते ते पाडायचं. मूळ नकाशे कधीच वाळवीच्या पोटात गेले होते. तेव्हा काय मूळचं आणि काय नंतरचं हे ठरवायला तिघांची समिती नेमली: रेल्वेचे मोठे साहेब, एक तरुण आर्किटेक्ट बाई आणि एक निवृत्त प्राध्यापक. आर्किटेक्ट बाई आधी एकटीच येऊन बघून गेली. बुरूज मूळचे, कमान मूळची, चर्या मूळच्या. मग तिने मधल्या घराकडे बोट केलं आणि किल्लेदाराला म्हणाली, "आणि हे तुमच्या आजोबांनी नंतर बांधलेलं. मी पेपरात वाचलंय. म्हणजे हे काढावं लागणार. तुम्हाला क्वार्टर मिळेल, काळजी करू नका."

किल्लेदाराचा चेहरा खर्रकन उतरला. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता त्याच जिभेने घरावर कुदळ आणली होती. गोष्ट त्याची, पेपर त्याचे, बोलणार कुणाला? क्वार्टरमध्ये गेला तर तो रांगेतल्या भाडेकरूंतला एक. तिथे कोण फोटो काढायला येणार आणि कोण किल्लेदार म्हणणार? दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. एकच दर्जा तीनदा भरली.

संध्याकाळी जेवताना त्याने घसा खाकरला. "उद्या समितीला सांगून टाकतो."

"काय?"

"हेच. की आजोबांनी काही बांधलं नाही. घर मूळचंच आहे. मग पाडता येणार नाही त्यांना."

बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. आयुष्यभर जिने त्या गोष्टीची टर उडवली, तीच आता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय बोलताय काय तुम्ही? आजेसासऱ्यांनी नाही बांधलं? एका थंडीत? साहेब मायदेशी असताना?"

"अगं, तुला माहितीय ना..."

"मला एवढंच माहितीय की दोनदा पेपरात आलंय. पेपर काय खोटं छापतो? मेलेल्या माणसाचं नाव पुसायला निघालात, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. साहेबांनी तोंडात बोट घातलं होतं की नाही? का ते पण खोटं?"

किल्लेदाराची पुरती कोंडी झाली. इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलावं तर इभ्रत जाते, खोटं बोलावं तर घर जातं, आणि बायको तर अशी उभी, जणू आजोबांना विटा हिनेच पुरवल्या. तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी समिती वर आली. प्राध्यापक तीन ठिकाणी थांबत, भिंतीला धरत आले. साहेबांनी वर आल्या आल्या खुर्ची मागितली. बायकोने चहा टाकला. घर झाडून-पुसून लख्ख केलेलं, एवढं लख्ख की जणू पाडण्याआधी त्याला आंघोळ घातलीय. ती खुशीत होती. कप मांडताना गुणगुणत होती, आणि किल्लेदार तिची नजर टाळत होता, कारण त्याने ठरवलं होतं: आज खरं सांगायचं आणि घर वाचवायचं. तिची समजूत मागाहून काढू.

"हं, बोला," आर्किटेक्ट बाई म्हणाली. "हे घर कुणी बांधलं?"

किल्लेदार उभा राहिला. "साहेब, बाई, खरं सांगायचं तर हे घर..."

खालून गाडी आली. कप बशीत किणकिणले. नवरा-बायको सवयीप्रमाणे गप्प उभे राहिले. पाहुण्यांना मात्र ती सवय नव्हती. गाडीचा शेवटचा डबा अजून पुरता गेला नव्हता, तोच साहेबांनी मोठ्या आवाजात गप्पा सुरू केल्या.

"बाकी तुम्हाला काय, घर पडलं तरी फरक नाही," ते बायकोकडे बघून हसत म्हणाले. "खाली क्वार्टर आहेच. खरं तर तुमच्या यजमानांना आम्ही दोनदा देऊ केलं होतं. मी तेव्हा नवा होतो, पण चांगलं आठवतंय. दोन्ही वेळा नको म्हणाले. म्हणाले, मंडळींना हवा मानवते इथली."

गाडी गेली होती. शेवटचं वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं.

बायकोच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने हळूच खिडकीत ठेवला. तिने आवाज चढवला नाही, रडली नाही, नुसतं नवऱ्याकडे बघितलं. "दोनदा?" तिने विचारलं.

किल्लेदाराने पुष्कळ बोलणी खाल्ली होती आयुष्यात. मुकादमाची, बापाची, हिचीसुद्धा. पण हा एक शब्द त्या सगळ्यांहून जड होता. मालगाडी येईल का म्हणून त्याने कान दिले. आली नाही.

"तुम्ही काहीतरी सांगत होता," आर्किटेक्ट बाई म्हणाली. "खरं सांगायचं तर हे घर...?"

किल्लेदाराने बायकोकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं होतं. पडो हे घर, त्याच्या मनात आलं, एकदाचं पडो आणि हिला खाली जाऊ दे. "हे घर आमच्या आजोबांनीच बांधलं," तो म्हणाला. "एका थंडीत. एकट्याने." मग त्याला वाटलं, एवढ्याने पाडतील की नाही कोण जाणे, आणखी पक्कं केलेलं बरं. आणि त्याने विटा वाढवल्या, दगड वाढवले, आजोबांच्या हातांना फोड आणले, त्या फोडांतून रक्त काढलं. शेवटी साहेबांच्या तोंडात बोटही घातलं.

प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"विलक्षण!" ते उठून उभे राहिले. "अहो, आपण काय पाडायला निघालो होतो! हे बुरूज, या चर्या, हा सगळा साहेबांचा देखावा. आत दगडमाती भरलेली नाटकं! आणि या देखाव्याच्या छाताडावर एका गरीब दिवेवाल्याने स्वतःचं घर बांधलं. या सगळ्या तोंडात खरं जर काही असेल तर ते हे घर. याच्या विटेलासुद्धा हात लावता कामा नये!"

"मलाही पटतंय," आर्किटेक्ट बाई वही मिटत म्हणाली. "घर राहिलंच पाहिजे."

"आणि माणसंही," साहेबांनी भर घातली. त्यांना आता चांगलाच रंग चढला होता. "ही दोघं इथेच राहतील. निवृत्तीनंतरसुद्धा. मी वर शब्द टाकतो. तिसरी पिढी त्याच घरात! लोक बघायला येतील यांना."

बायको मटकन पाटावर बसली.

झालं! करायला गेलो काय आणि झालं काय. किल्लेदार पुढे झाला. "थांबा, थांबा," तो ओरडला. "खोटं आहे हे सगळं! साहेब, आजोबा दिवे पुसायचे हो. विटेला वीट कशी लावतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. नुसता चुना मारला त्यांनी, तोही ओघळ आलेला. घर पहिल्यापासून इथेच होतं. मी थापा मारल्या. आयुष्यभर मारल्या!"

प्राध्यापकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाहिलंत?" ते इतरांना म्हणाले. "किती संकोच! मोठेपणाची सवयच नाही या लोकांना."

"अहो, संकोच नाही, खरंच..."

"आणि समजा मूळचंच असलं," आर्किटेक्ट बाई म्हणाली, "तरीही ते राहणारच की. मूळचं असेल तर पाडायचा प्रश्नच नाही. दोन्हीकडून निकाल एकच."

म्हणजे खोटं बोललं तरी घर राहणार आणि खरं बोललं तरी राहणार. किल्लेदाराच्या आयुष्यभराच्या कमाईची, त्या गोष्टीची, एका क्षणात ना खरी म्हणून किंमत उरली, ना खोटी म्हणून. आता त्याच्यापाशी काहीच नव्हतं. आणि काहीच नसलेला माणूस कधीकधी सरळ बोलतो.

"घराचं काय करायचं ते करा," तो म्हणाला. "ठेवा, पाडा, आजोबांच्या नावाने आरती ओवाळा. हिला खाली जागा द्या. हिला जिना चढवत नाही. पाणी वाहून वाहून गुडघे गेलेत हिचे. मी... मला दिसत होतं. मी बोललो नाही."

साहेबांना यात एवढं गंभीर व्हायला काय झालं ते कळेना. "एवढंच ना?" ते म्हणाले. "दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुमच्या मुलीच्या शेजारच्याच. महिना झाला, कुणी मागितल्याच नाहीत. आज किल्ली घेऊन जा."

पुढे त्या घराचं काय झालं तेही सांगून टाकतो, म्हणजे चुटपुट नको. घर राहिलं. प्राध्यापकांनी खटपट करून तिथे दगडी पाटी बसवली: एका दिवेवाल्याने एकट्याने, एका हिवाळ्यात उभारलेलं घर. किल्लेदार दोनदा जाऊन सांगून आला की हे खोटं आहे, पाटी काढा. दोन्ही वेळा लोकांनी त्याच्या विनयाचं कौतुक केलं आणि त्याच्यासोबत फोटो काढला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी समिती गेल्यावर बायकोने लगेच बांधाबांध काढली. उद्यावर काही ठेवलं नाही. भांडी, अंथरुणं, कपडे, सगळं भराभर. किल्लेदार दारात उभा. मदत करावी तर कुठून हात घालावा ते कळेना, आणि नुसतं उभं राहावं तर तेही बरं दिसेना.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

तिने चादरीची घडी घातली. "पहिल्यांदा देत होते ते कधी?"

"झाली की पुष्कळ वर्षं."

"कधी, ते विचारतेय."

"आपली पोरगी रांगत होती तेव्हा."

तिचे हात थांबले. "म्हणजे आई होती तेव्हा," ती म्हणाली.

किल्लेदाराला तो दिवस आठवला. सासू नातीला बघायला आली होती. गावाहून, गाडीने, दुखऱ्या पायांनी. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत चढली आणि पुढे तिला येववेना. तिला धरून परत खाली आणलं. मग ती बुरुजाच्या पायथ्याशी, रुळांच्या कडेला, चुन्याच्या पालथ्या बादलीवर बसली, आणि हिने पोरीला खाली नेऊन तिच्या मांडीवर दिलं. हाताच्या अंतरावरून गाड्या जात होत्या. सासू पदराने पोरीचे कान झाकत होती. किल्लेदार तिथेच उभा होता. तिचा वेळ बरा जावा म्हणून त्याने तिला आजोबांची गोष्ट सांगितली होती, तोंडात बोट घालून. जाताना ती लेकीला म्हणाली, आता तूच येत जा बाई, मला नाही हे जमायचं. त्यानंतर ती आली नाही, आणि पुढच्या वर्षी गेलीच.

"तिला माझं स्वयंपाकघर बघायचं होतं," बायको म्हणाली. "दुसरं काही मागत नव्हती. कसं लावलंयस, डबे कुठे ठेवतेस, चूल कुठल्या अंगाला आहे. प्रत्येक वेळी विचारायची. मी आपली तोंडाने सांगायचे."

"मला काय माहीत..." किल्लेदार म्हणाला आणि थांबला. खालून गाडी येत नव्हती, काही नव्हतं. तो आपला आपणच थांबला, कारण माहीत होतं.

तिने चादर गाठोड्यात ठेवली, गाठ मारली आणि ओढून पक्की केली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि भांड्यांच्या पेटीकडे बोट केलं.

"उचला," ती म्हणाली. "मला एकटीला नाही न्यायची ती."